बर्फाचे कपडे कापसात

आमच्या घरात गाठ सोमवारीच फुटायची. गाठ म्हणजे जुन्या विलायती कपड्यांची, गोणपाटात आवळून वरून लोखंडी पट्ट्या मारलेली, उभी केली तर माझ्या खांद्याला लागेल एवढी. ती मुंबईहून ट्रकनं माजलगावला यायची आणि तिथून बैलगाडीनं तेलगावला, आमच्या दुकानाच्या दारात. अप्पा, म्हणजे माझे वडील, गाठ कधी फोडून बघून घेत नसत. त्या धंद्यात तशी रीतच नव्हती. एक टोक उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, शिवणीला नाक लावायचं आणि हो की नाही ते सांगून टाकायचं. लोकरीचा वास आला तर आत स्वेटर, कुबट वास आला तर कोट, आणि काहीच वास आला नाही तर आपलं नशीब. घरी आलेली गाठ सोमवारपर्यंत ओसरीत बसून राहायची. मग अंघोळ, पूजा उरकून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून, गळ्यातल्या लिंगाला हात लावून अप्पा पहिली पट्टी तोडायचे. माय एका बाजूला पाट घेऊन गुंड्या तपासायला बसायची आणि दुसऱ्या बाजूला मी, लेबलं वाचायला.

लेबलं वाचणं हा माझा मान होता. अप्पा निजामाच्या शाळेत शिकलेले. उर्दू आणि मराठी त्यांना फर्डी यायची, पण इंग्रजीपुढं ते हात टेकायचे. माय तर अंगठेबहाद्दर. मी त्या वर्षी दहावीत गेले होते, वर्गात इंग्रजीला पहिली होते, आणि मला शिंगं फुटली होती. दुकानात गिऱ्हाईक असलं की अप्पा मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचे, ‘‘शोभे, बघ बरं काय लिवलंय.’’ मी आतून यायचे, कोटाची कॉलर उलटी करून, थोडं कपाळाला आठ्या घालून, ‘शुद्ध लोकर’ असं सांगायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं. पुढं मी जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवलं, आता साठी जवळ आली आहे, म्हणून खात्रीनं सांगते की त्या वयात मला वाचता येत होतं, कळत फारसं काही नव्हतं.

तर ती गाठ श्रावणातली. श्रावणात कुणी गरम कपड्यांची गाठ घेत नाही, पण अप्पांना ती पडून असलेली मिळाली आणि तिला कसलाच वास नव्हता. सोमवार होता, मायचा आणि अप्पांचा उपवास होता, आतल्या चुलीवर भगर शिजत होती आणि शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. अप्पांनी पट्टी तोडली आणि ओसरीत असे रंग सांडले की माय पाटावरून उठून उभी राहिली. पोपटी, राणी, भगवा, निळा, आणि सगळ्यांना तेलकट चकाकी. अप्पांनी एक उचललं तर ते संपतच नव्हतं. सदरा म्हणावं तर खाली विजार जोडलेली, विजार म्हणावं तर वर बाह्या. मानेपासून पोटाखालपर्यंत एकच चेन. अप्पांनी ती वर खाली ओढून बघितली, आणि तो चर्र आवाज मला आजही ऐकू येतो, कारण इतकी लांब चेन आम्ही तिघांपैकी कुणीच कधी ऐकलेली नव्हती.

माय म्हणाली, ‘‘आवं, ह्यात शिरलेलं माणूस परसाकडं कसं जात आसंल?’’

असे सात अख्खे ड्रेस निघाले. त्यांच्याबरोबर ताणल्या की लांबणाऱ्या काळ्या विजारी निघाल्या, त्यांना खाली तळपायात अडकवायचा पट्टा होता. गुडघ्यापर्यंतच येणारी, जाड लोकरीची, बक्कल लावलेली एक म्हातारी विजार निघाली. कापूस भरलेले हातमोजे निघाले, एकेक बोट गवारीच्या नव्हे, केळ्याच्या जाडीचं. गोंडा लावलेल्या टोप्या निघाल्या. आणि निम्मा चेहरा झाकणारे गॉगल निघाले, आतून फोम लावलेले, मागं रबरी पट्टा. काही चेनींना बारीक तार ओवून पुठ्ठ्याची तिकिटं अडकवलेली होती, त्यांवर डोंगराचं चित्र होतं. अप्पांनी एक राणी रंगाचा ड्रेस माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, ‘‘बघ बरं.’’

मानेच्या आत लेबल होतं. त्यावर कंपनीचं नाव होतं, आकडा होता आणि तीन इंग्रजी अक्षरांचा एक शब्द होता: स्की. तो शब्द मला माहीत नव्हता. तो आमच्या पुस्तकात नव्हता, आणि आमचा छोटा शब्दकोश आत खुंटीवरच्या दप्तरात होता. उठून पाहायला दहा पावलं लागली असती. पण मी उठले असते तर अप्पांना कळलं असतं की शोभाला येत नाही. मी गॉगलकडं पाहिलं, हातमोज्यांकडं पाहिलं, कापडावर तांब्यातलं पाणी टाकून पाहिलं तर थेंब अळूवरून घरंगळावेत तसे घरंगळले. तोंड झाकलेलं, हात झाकलेले, अंगाला थेंब लागत नाही. त्या दिवसांत आमच्याकडं असं काम एकच होतं. मी म्हणाले, ‘‘फवारणीचा ड्रेस आहे, अप्पा. पाठीवर पंप घेऊन फवारतात ना, त्याचा.’’

‘‘आसं लिवलंय?’’

‘‘लिहिलंय,’’ मी म्हणाले.

आजवर मी बऱ्याच चुका केल्या, पण ‘लिहिलंय’ इतकी नीटस खोटी गोष्ट पुन्हा बोलले नाही. ड्रेस कशाचा असेल हा माझा अंदाज होता, आणि अंदाज चुकला तर त्यात पाप नाही. पण अप्पांनी सरळ विचारलं होतं आणि मी सरळ उत्तर दिलं होतं. अप्पांचा चेहरा उजळला. शेतकरी फवारायला जायचे ते धोतर वर खोचून, उघड्या अंगानं, तोंडाला फडकं बांधून. डोळे चुरचुरायचे, संध्याकाळी उलट्या व्हायच्या. अप्पा म्हणाले, ‘‘बघा, तिकडं माणसाची काळजी कशी घेत्यात.’’ माय ड्रेसच्या आतला कापूस दाबून बघत होती. ती म्हणाली, ‘‘गोधडीवानी हाय की ह्यो. उकडंल.’’ पण माय अडाणी, लेबल तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

आठ दिवसांत सातही ड्रेस गेले. अप्पा गोडबोले दुकानदार नव्हते. वस्तूत खोट असली तर आधी खोट दाखवायचे, मग वस्तू, त्यामुळं त्यांनी चांगलं म्हटलेलं लोक डोळे झाकून घ्यायचे. राणी रंगाचा ड्रेस अंकुशभाऊंनी नेला. हे आमच्या दुकानामागच्या गल्लीतले, गावातले सगळ्यात उंच गृहस्थ, कापूसही त्यांचाच सगळ्यांत जास्त. पहिल्या दिवशी ते ड्रेस, गॉगल, हातमोजे आणि गोंड्याची टोपी घालून, पाठीवर पंप घेऊन घरातून निघाले तेव्हा त्यांचेच बैल दावं तोडून पळाले. कांताकाकू, म्हणजे त्यांची बायको, दारात पदर तोंडात कोंबून उभी होती. हिरव्या कापसात कमरेइतका बुडालेला तो राणी रंगाचा माणूस सडकेवरून दिसायचा. एसटीचा ड्रायव्हर तिथं आला की गाडी हळू करायचा. पाराजवळ कुणीतरी ओरडायचं, ‘‘काय बे अंकुश, चंद्रावर गेलतास काय?’’ आणि अंकुशभाऊ गॉगल वर न करता नुसता पंपाचा दांडा वर करायचे.

मी त्या दिवसांत जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. चेनींना अडकवलेली तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती आणि ती फवारणीच्या औषधाची पावती असावी अशी माझी मीच समजूत घातली होती, डोंगराचं चित्र असूनसुद्धा. आता हसू येतं. चार वर्षांपूर्वी मुलानं आम्हाला मनालीला नेलं. वर बर्फाकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टपऱ्या, आणि टपरीटपरीला तेच ड्रेस टांगलेले, पाठीवर मोठे नंबर घातलेले, भाड्यानं. पुण्या-नाशकाची, गुजरातची माणसं ते चढवून, बर्फात फोटो काढून, चहा पिऊन परत येत होती. घसरत कुणीच नव्हतं. मला पोपटी रंगाचा मिळाला. त्याची चेन मी पोटापर्यंत लावली आणि पुढं हात जाईना, तेव्हा मुलानं लावून दिली.

पोळा झाला आणि भादव्याचं ऊन पडलं. आमच्याकडचं भादव्याचं ऊन वैशाखापेक्षा वाईट, कारण खाली जमीन ओली असते आणि वर आभाळ स्वच्छ. त्या दिवशी दुपारी माय हुलग्याची शेंगोळी करत होती, मी तिच्या शेजारी बसून कणकेचे वेढे वळत होते, आणि गिरणी बंद झाली. वीज असताना गिरणी कधी बंद होत नसे. मग पळणाऱ्या पायांचे आवाज आले आणि कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं की अंकुशभाऊ कापसात पडलेत, बोलत नाहीत, औषध बाधलंय. अप्पा होते तसे उठले. बांधावरून चौघांनी त्यांना उचलून आणलं, अजून ड्रेसातच, राणी रंग चिखलानं भरलेला. जीपमध्ये घालताना चेन उघडली तर आतून वाफ आली असं लोक पुढं सांगायचे. ती मी पाहिलेली नाही. मी आमच्या दारात उभी होते, हातांना हुलग्याचं पीठ होतं.

अप्पा जीपमध्ये बसून माजलगावच्या दवाखान्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. तोवर दुकानासमोर माणसं येऊन उभी राहत होती. एकानं त्याचा निळा ड्रेस ओट्यावर आणून टाकला आणि निघून गेला. गल्लीत म्हणत होते की ड्रेसात औषध मुरतंय आणि अंगात उतरतंय, अप्पानं वस्तू न बघता विकली. आमच्या अप्पांबद्दल असं कुणी बोलेल हे मला खरंच वाटत नव्हतं. माय एकदाच म्हणाली, ‘‘शोभे, नीट वाचलंतं न्हवं?’’ मी म्हणाले, ‘‘हो.’’ तो शब्दकोश मी त्या रात्री उघडला. त्यात शब्द होता. अर्थ दिला होता: बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाला बांधायच्या लांब पट्ट्या. मी तो मिटला आणि दप्तरात सगळ्यात खाली घातला.

अप्पांनी आणलेली बातमी चांगली होती. डॉक्टरांनी सांगितलं, औषध बिलकुल बाधलेलं नाही, एक थेंबही आत गेलेला नाही, पण माणूस आतल्या आत उकडून निघालाय. दोन सलाईन लावल्या, उद्या घरी. अप्पा हे सांगून पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘‘पण मला ह्ये कळंना, फवारणीच्या ड्रेसात येवढा कापूस कावून भरला आसंल?’’ ते माझ्याकडं बघत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. तेव्हा मी बोलायला हवं होतं. घरात आम्ही तिघंच होतो आणि दार लोटलेलं होतं.

अंकुशभाऊंचा धाकटा भाऊ सुदाम फौजेत होता, काश्मीरकडं. भाऊ आजारी अशी तार गेली आणि तो सुट्टी घेऊन आला. त्यानं अंगणात वाळत टाकलेला ड्रेस बघितला आणि तो जो हसत सुटला तो दारातच खाली बसला. कांताकाकूला वाटलं हा रडतोय, म्हणून तीही रडायला लागली. संध्याकाळी तो ड्रेस खांद्यावर टाकून आमच्या ओट्यावर आला. मागोमाग निम्मी गल्ली आली. सुदाम म्हणाला, ‘‘अप्पा, आवं ह्यो बर्फात घसरायचा ड्रेस हाय. आमाला फौजेत शिकिवत्यात ती घसरगुंडी. दोन फळ्या पायाला बांधायच्या आन् डोंगरावरून खाली सुटायचं.’’

‘‘कशापायी?’’ अप्पांनी विचारलं.

मग सुदामनं जे सांगितलं ते मला पुरं पाठ आहे, आणि पुढं मी जमेल तिथून वाचून त्यात भर घातली. शाळेतली मुलं माझ्या माघारी मला स्कीबाई म्हणायची, ते उगाच नाही. तो म्हणाला, ही मुळात मौज नव्हतीच. थंड मुलखात पाऊल टाकलं की कमरेइतकं आत जातं, म्हणून माणसानं फळ्या बांधल्या, शिकारीला जायला, सरपण आणायला. हे हजारो वर्षं जुनं आहे. दलदलीत पुरलेल्या फळ्या सापडल्यात, खडकांवर तशी चित्रं कोरलेली आहेत. आधी हातात एकच लांब काठी असायची, नाव वल्हवतात तशी, दोन काठ्या फार उशिरा आल्या. चढताना मागं घसरू नये म्हणून फळीखाली जनावराचं कातडं लावायचे, केस मागच्या बाजूला पडतील असं. आधी फक्त चवडा वादीत अडकवायचे. मग नॉर्वेतल्या डोंगरी शेतकऱ्यांनी टाचेभोवती वेताचा फास घातला, तेव्हा कुठं वळता यायला लागलं. ‘‘शेतकऱ्यांनी?’’ दुकानाच्या पायरीवरच्या एकानं विचारलं. ‘‘मंग काय,’’ सुदाम म्हणाला, ‘‘तुमच्यावानीच. फकस्त तिथं कापूस येत न्हाई.’’

मौज नंतर आली, म्हणजे श्रीमंत माणसं नंतर आली. स्वित्झर्लंडची हॉटेलं आधी हिवाळ्यात कुलूप लावून बसायची. मग साहेबलोक मुद्दाम हिवाळ्यातच यायला लागले, आणि डोंगर पायी चढायचा त्यांना कंटाळा, म्हणून वर ओढून न्यायला दोर आले, मग दोराला खुर्च्या आल्या, आणि खुर्चीत बसायचं तिकीट चेनीला अडकवायची पद्धत आली. हे ऐकताना माझे कान तापले होते, कारण तिकिटं माझ्याकडं होती. बायका पहिल्यांदा पायघोळ झग्यांत घसरायच्या, हे मी पुढं वाचलं. झगा बर्फानं भरून जड व्हायचा, तरी विजार घातली की लोक नावं ठेवायचे. ती गुडघ्यापर्यंतची लोकरीची विजार त्याच जुन्या काळची चाल, तळपायात पट्टा अडकवायची काळी विजार त्यानंतरची, आणि चकाकणारे अख्खे ड्रेस अगदी अलीकडचे. म्हणजे लेबल धड न वाचलेल्या त्या एका गाठीत सगळा इतिहास क्रमानं भरलेला होता, आणि त्यातली लोकरीची विजार मायनं भांडी घासायला काढली होती.

कुणीतरी विचारलं, ‘‘पर आसं भडक रंग कावून?’’

‘‘बर्फात हारिवला तर लांबून दिसाय पायजे,’’ सुदाम म्हणाला. ‘‘आमाला फौजेत पांढरं देत्यात, आमी दिसाय न्हाई पायजे म्हणून.’’

‘‘मंग अंकुश काय कापसात हारिवणार हुता व्हय?’’ आणि गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा आमच्या ओट्यावर माणसं हसली.

दुसऱ्या दिवशी सुदामनं घसरून दाखवावं अशी टूम निघाली. पाझर तलावाच्या बांधाला अलीकडून उतार आहे आणि भादव्यात त्यावर गवत गुडघ्याएवढं असतं. सकाळचं दव पडलेलं, पोरांनी ते तुडवून आडवं केलं. सुताराकडून दोन लांब फळ्या आणल्या, पुढची टोकं त्यानं तासून थोडी वर केली. सुदामनं फळ्यांना खालून मेणबत्ती घासली. मेण बघून सुतार म्हणाला की तेल लाव, सुदाम म्हणाला, तिकडंही मेणच लावतात. बैलाच्या जुन्या चामडी पट्ट्यांनी फळ्या पायाला बांधल्या, हातात दोन वेळूच्या काठ्या घेतल्या, आणि लोकाग्रहास्तव अंगात तो राणी ड्रेस. सारं गाव खाली उभं होतं, अंकुशभाऊसुद्धा, बाजेवर बसून. सुदाम वरून सुटला. तीन हात गेला आणि गवतात रुतून तोंडावर पडला. दुसऱ्यांदा पाच हात. तिसऱ्यांदा मात्र गुडघे वाकवून, काठ्या काखेत धरून तो असा खाली आला की बांध कधी संपला ते कळलं नाही. एका अंगावर किंचित झुकून तो वळला आणि अंकुशभाऊंच्या बाजेपुढं येऊन थांबला. पोरं फळ्या बघायला पुढं धावली. मी पुढं टीव्हीवर खरे घसरणारे पाहिले, पण सुदामचं ते एक वळण मला जास्त आवडतं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, चिडून नव्हे, सहज, ‘‘मंग अप्पा, ह्यो फवारणीचा हाय म्हणून सांगितलं कुणी?’’

मी मायच्या मागं उभी होते. अप्पांनी टोपी काढून डोकं पुसलं. ‘‘मीच,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाटलं तसं. चूक माझी.’’ त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि माझ्याकडं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा ड्रेस परत आणायला निघाले आणि मला गाठोडं धरायला बरोबर घेतलं. निळा घरी आलेलाच होता. राहिलेल्या घरांना एकेक करून जायचं होतं. प्रत्येक उंबऱ्याशी अप्पा चपला काढत, हात जोडत आणि एकच वाक्य म्हणत, ‘‘न बगता दिलं, माफी करा.’’ पहिल्या घरी त्यांना बसा म्हणाले. दुसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून खोटं ऐकलं नव्हतं. अप्पांनी मान खाली घातली. मी गाठोडं घेऊन मागं उभी होते आणि त्यांचा पाठमोरा मळका सदरा बघत होते. तो दर घरी थोडा जास्त वाकत होता. असं करत अंकुशभाऊंचं घर शेवटी आलं. ते ओसरीत भिंतीला टेकून ताकभाकरी खात होते. अप्पांनी हात जोडले, ‘‘न बगता...’’ आणि मला पुढचं ऐकवेना.

मी म्हणाले, ‘‘अप्पांची चूक नाही. मी सांगितलं होतं. मला तो शब्द येत नव्हता आणि तरी लिहिलंय म्हणाले. नंतर शब्दकोशात बघितला, तरी गप्प बसले.’’ एवढं बोलून मी रडायला लागले, आणि रडणं असं की नाकातोंडातून.

अंकुशभाऊंनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘पोरी, मला पैल्याच फवारणीला कळलंतं, ह्यात माणूस शिजतंय. पार बनियन पिळून काढलंतं मी.’’

‘‘मंग काढला कावून न्हाई?’’ कांताकाकू आतून ओरडली.

‘‘येष्टी थांबत हुती,’’ अंकुशभाऊ खाली बघत म्हणाले. ‘‘समदं गाव बघाय येत हुतं. म्हणलं, मेलो तर मेलो.’’

कांताकाकूनं त्यांच्यापुढची भाकरी उचलून नेली. सुदाम दाराला धरून हसत होता. मलाही रडता रडता हसू फुटलं. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं गाठोडं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि आम्ही घरी आलो. मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर त्यांनी मायला सगळं सांगितलं, जेवले, आणि माझ्याशी नेहमीसारखंच वागायला लागले. एक सोडून.

दिवाळीच्या आधी नवी गाठ आली. सोमवारी तिची पट्टी तुटल्याचा आवाज मी आत ऐकला. हाक आली नाही. माय पाट घेऊन गेली, मी चुलीपाशी बसून राहिले. अप्पांनी सात-आठ कपडे बाजूला काढले आणि संध्याकाळी पिशवीत घालून पोस्टमास्तरांकडं वाचायला घेऊन गेले. बँकेचा कागद आला, तोही पोस्टमास्तरांकडं. शाळेतल्या माझ्या प्रगतिपुस्तकावर इंग्रजीत शेरा होता, तो त्यांनी मला विचारला नाही, बाईंना विचारला. दिवाळीत माय म्हणाली, ‘‘आवं, किती दिस धरून बसायचं?’’ तर ते म्हणाले, ‘‘धरलं न्हाई. पर मला आता कळंना, तिचं कुठलं खरं समजायचं.’’ मी शेजारच्या खोलीत करंज्या मोजत होते. ते रागानं बोलले असते तरी चाललं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि ते त्याचं दुःख करत होते.

कार्तिक संपत आला होता. बाजारचा दिवस होता, दुकान गच्च भरलेलं होतं, स्वेटर खपत होते. एक शेतकरी पिशवीतून बाटली घेऊन आला. तुरीवर अळी पडली होती, बाटली नव्या औषधाची होती आणि तिच्यावरचा मराठी कागद तेलानं पुसून गेला होता. राहिलं होतं ते मुंगीएवढं इंग्रजी. पोस्टमास्तर त्या दिवशी बीडला गेले होते. ‘‘अप्पा,’’ तो म्हणाला, ‘‘तुमच्या पोरीला जरा वाचाय लावा. पंपाला किती घालायचं तेवढं सांगा.’’ दुकानातल्या दोघातिघांनी एकमेकांकडं पाहिलं. अप्पा थोडा वेळ हातातला स्वेटर घडी करत राहिले. मग त्यांनी आतल्या दाराकडं तोंड केलं आणि पहिल्यासारखं मोठ्यानं नाही, साध्या आवाजात म्हणाले, ‘‘शोभे, ये.’’

मी आले. बाटली घेऊन उजेडाला धरली. पहिल्या दोन ओळी मला आल्या: मुलांपासून लांब ठेवा, वापरण्याआधी हलवा. तिसऱ्या ओळीत आकडा होता, आणि आकड्याच्या मागं एक लांबलचक शब्द होता. तो मापाचा होता की पाण्याचा की पिकाचा, मला कळेना. सगळं दुकान माझ्याकडं बघत होतं. अंदाज माझ्या जिभेवर तयार होता, चांगला, पटण्यासारखा अंदाज. मी म्हणाले, ‘‘इथवर कळलं. हा एक शब्द मला येत नाही. तो कळल्याशिवाय आकडा सांगता येणार नाही.’’

‘‘धाव्वीला हाय ना गं तू?’’ शेतकरी वैतागून म्हणाला. ‘‘आदमासानं सांग की.’’

‘‘आदमासानं नको,’’ मी म्हणाले.

अप्पांनी माझ्या हातातली बाटली घेऊन त्याला परत दिली. ‘‘शेतकीच्या सायबाकडनं तेवढा शबूद समजून ये,’’ ते त्याला म्हणाले. ‘‘बाकीचं ती जे वाचंल, ते खरं धर.’’